हार्कडेलसाठी केलेली शवपेटी

मी शवपेटी बोलतेय. दचकू नका, आत कोणी नाही. कधीच कोणी नव्हतं. एकदा डेस्मंड ढोसून माझ्यात झोपला होता, तेवढाच. तोही सकाळी उठून बसला आणि अंडी मागायला लागला.

माझा जन्म १९८८ सालचा, ब्रॅकशॉ गावातल्या एका सुतारखान्यात. तिथे अंत्यविधीचं सामान बनायचं. माझा कारागीर अँब्रोज पिकल्स. हात चांगला होता त्याचा, पण त्या दुपारी रेडिओवर ब्रॅकशॉ टाऊनची मॅच लागली होती. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, अँब्रोज नाचला, आणि हातातली करवत भलतीकडेच गेली. माझी डावी फळी उजवीपेक्षा दोन बोटं आखूड.

मालक आला, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाला, "अँब्रोज, आता हिच्यासाठी वाकडं गिऱ्हाईकही तूच शोधून आण."

झालं, नापास! माझ्याबरोबरच्या पेट्या एकेक करून मार्गी लागल्या. पितळी कड्या, आत पांढरं रेशीम, वर फुलं. मी कोपऱ्यात भुसा खात पडून. येणारा-जाणारा म्हातारा मला टिचकी मारून म्हणायचा, "वाया गेली. आमच्या वेळी असलं काम नव्हतं होत." अरे, चूक तुमच्या माणसाची आणि शेरा माझ्यावर? चार दिवसांत मी मोठ्या माणसांना ओळखून होते.

मला तिथून सोडवलं क्लिफर्ड ऑर्मरॉडने. हा अँब्रोजचा मेहुणा. बसचा ड्रायव्हर, ब्रॅकशॉ टाऊनचा जन्मापासूनचा भक्त, आणि डोंगरापलीकडच्या हार्कडेल अ‍ॅथलेटिकचा जन्मापासूनचा वैरी. दोन गावांत अंतर पाच मैल. क्लिफर्डने साहेबाच्या हातापाया पडून हार्कडेलला जाणारी बस कधीच अंगावर घेतली नाही. शिवाय त्याने शपथ घेतली होती की त्या गावात आपला एक पेनी खर्च करायचा नाही. तिथे मॅच असली की हा घरून डब्यात सँडविच नेणार आणि खिसे रिकामे करून जाणार. तिकीट मात्र आठवडाभर आधी ब्रॅकशॉच्या खिडकीवर काढायचा. ते पैसे पुढे हार्कडेललाच जातात, हे त्याला चाळीस वर्षं कोणी सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता म्हणा.

त्याने मला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवलं. हे हार्कडेलचे रंग. झाकणावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, "हार्कडेल अ‍ॅथलेटिक, आत्म्यास शांती लाभो." आणि मला नोकरी लागली.

नोकरी अशी. हार्कडेल खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलं, किंवा एखाद्या चिल्लर संघाकडून कपमध्ये हरलं, की मला चौघांनी खांद्यावर घ्यायचं. डोंगर ओलांडून त्यांच्या मैदानाच्या हिरव्या लोखंडी फाटकासमोर न्यायचं. क्लिफर्डने माझ्या झाकणावर तीन थापा मारायच्या आणि ओरडायचं, "आहे का कोणी जिवंत?"

मग फाटकाच्या आतून एक घोगरा आवाज यायचा, "आहोत अजून! चालते व्हा!" आणि पाठोपाठ वरून बादलीभर पाणी.

पहिल्या वर्षी ती मस्करी होती. तिसऱ्या खेपेपासून तो विधी झाला. त्या आवाजाचा माणूस कधी कोणी पाहिला नाही. क्लिफर्डने त्याचं नाव ठेवलं होतं घोगऱ्या. परतीच्या वाटेवर सगळे भिजलेले, खूश, आणि क्लिफर्ड म्हणायचा, "यंदा घोगऱ्याचा आवाज बसलाय जरा. थंडी बाधली असेल." घरच्या माणसांची तब्येत त्याने कधी इतक्या आस्थेने विचारलेली मला माहीत नाही.

एरवी माझा मुक्काम 'आंधळं खेचर' नावाच्या पबच्या मागच्या खोलीत. माझ्यात काय काय ठेवलं लोकांनी! नाताळचे दिवे, फुटलेला ढोल, मीट-पाय भाजायच्या रिकाम्या थाळ्या. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. बायको सोडून गेली तेव्हा ज्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही, ते पुरुष शून्य-शून्य बरोबरीवर ढसाढसा रडताना मी ऐकलेत. एकमेकांशी सुखदुःखाचं बोलायचं धाडस नाही, म्हणून गोलकीपरबद्दल बोलत बसायचे. छत्तीस वर्षं!

आणि मग गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती बातमी आली.

हार्कडेल बुडालं होतं. मैदानावर नाही, बँकेत. त्यांचा चकचकीत बूट घालणारा मालक क्लबच्या नावावर कर्ज काढून पसार झाला होता. खेळाडूंना दोन महिने पगार नाही. गुरुवारी दुपारी बारापर्यंत साठ हजार पौंड उभे केले तर गावातले समर्थक क्लब ताब्यात घेऊ शकत होते. नाहीतर लीगमधून नाव कायमचं काढून टाकणार. एकशे सोळा वर्षांचा क्लब आणि हातात उरले होते नऊ दिवस.

त्या मंगळवारी 'आंधळ्या खेचरा'त दिवाळी होती. डेस्मंडने सगळ्यांना बिअर पाजली. हा तोच, माझ्यात झोपलेला; धंद्याने कसाई, पन्नाशीचा, अंगाने मांसाच्या दुकानाएवढाच.

"मेले एकदाचे!" तो ओरडला. "क्लिफर्ड, काढ पेटी. शनिवारी निघू. या खेपेला खरीखुरी अंत्ययात्रा!"

"पण त्यांची पोरं, कामगार..." लायनेल पुटपुटला. लायनेल म्हणजे निवृत्त मास्तर. कुठल्याही वाक्याचा पूर्वार्धच बोलायचा, म्हणजे पुढे अंगाशी येत नाही.

"त्यांनी आपल्याला सोडलं असतं का?" क्लिफर्ड म्हणाला. आता त्याचं वय ऐंशी, गुडघे गेलेले, पण जीभ तशीच. "आपण आजारी असतो तर त्यांनी मिठाई वाटली असती. शनिवारी पेटी निघणार."

"आजोबा, तुम्ही लीगचा नियम वाचलाय का?"

ही केझिया. क्लिफर्डची नात, तेवीस वर्षांची. कॉलेज अर्धवट सोडून मीट-पायच्या दुकानात काम करायची, म्हणून घरातला प्रत्येक म्हातारा तिला दिवसातून एकदा "वाया गेली" म्हणायचा. तिच्यात आणि माझ्यात सख्य असणारच.

"कसला नियम?"

"एखादा क्लब अर्ध्यातून गेला की त्याच्या यंदाच्या सगळ्या मॅचेस पुसून टाकतात. खेळल्याच नाहीत असं धरतात. आपण त्यांना दोनदा हरवलं. सहा गुण. ते गेले की आपण टेबलात खालून दुसरे. म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये घसरलोच."

पबमध्ये कोणीतरी ग्लास खाली ठेवल्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू आला.

"ऑक्टोबरची चार-शून्यवालीसुद्धा?" डेस्मंडने विचारलं.

"तीसुद्धा."

"पुसणार म्हणजे... झालीच नाही?"

"झालीच नाही."

खुर्ची सरकली. डेस्मंड उभा राहिला असणार, कारण त्याचा आवाज वरून आला. "अगं, माझ्या पोटरीवर गोंदवलंय मी ते! तारखेसकट! चार-शून्य! दोनशे पौंड गेले, आठ दिवस लंगडत होतो!"

"मग आता पोटरी पुसा, काका."

सगळे हसले. डेस्मंड सोडून. "हे बघ क्लिफर्ड," तो म्हणाला, "मेले तर मरू देत, पण मे महिन्यापर्यंत थांबायला सांग त्यांना."

"गुण गेले तर गेले," क्लिफर्ड म्हणाला. "वैरी तो वैरी. तत्त्व म्हणून काही असतं."

"तत्त्व?" केझिया म्हणाली. "तुम्हा लोकांना शिव्या घालायला कोणीतरी लागतं, एवढंच तत्त्व. ते मेले की काय करणार? एकमेकांची तोंडं बघणार?"

"तू गप. शिक्षण पुरं केलं नाहीस आणि मला शिकवतेस."

तर, म्हाताऱ्याकडचा दारूगोळा संपला की तो तुमची मार्कशीट काढतो.

शनिवारी मला बाहेर काढलं. मैदान गोठल्यामुळे टाऊनची मॅच रद्द झाली होती. खांद्याला डेस्मंड, लायनेल, पबचा मालक आणि चौथी केझिया.

"तू कशाला?" क्लिफर्डने विचारलं.

"तुमच्यासाठी नाही येत. पेटीसाठी येतेय. उतारावर दर वेळी आपटता तिला."

पाच मैल नेहमीसारखे गेले नाहीत. गाणी सुरू व्हायची आणि दुसऱ्या ओळीत विझायची. हार्कडेलच्या रस्त्यात लोक दारात उभे होते. एरवी बटाटे फेकायचे. त्या दिवशी नुसते बघत राहिले. एका बाईने तर लहान पोराला टोपी काढायला लावली. चौघांच्याही खांद्यांत काहीतरी ढिलं पडलं, ते मला कळलं.

फाटकासमोर मला टेकवलं. क्लिफर्डने तीन थापा मारल्या.

"आहे का कोणी जिवंत?"

काही नाही.

पुन्हा तीन थापा. "आहे का कोणी जिवंत?"

वाऱ्याने फाटक हललं. त्यावर नवीकोरी साखळी होती, नवं कुलूप, आणि प्लास्टिकमध्ये घातलेली कसलीशी नोटीस.

"ए घोगऱ्या!" क्लिफर्ड ओरडला. "झोपलास काय रे?"

मग त्याने केलं ते छत्तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. चौथी थाप मारली. तिला जोर नव्हता. हात माझ्या झाकणावर पडला आणि उत्तराची वाट बघत तिथेच राहिला. बाकीच्यांना वाटलं, म्हातारा दम खातोय. फक्त मला माहीत होतं.

"आहोत अजून."

आवाज मागून आला. सगळे गर्रकन वळले. रस्त्यापलीकडे बसस्टॉपवर एक बुटकी म्हातारी उभी होती. डोक्यावर पिवळी-काळी लोकरीची टोपी, हातात पैसे गोळा करायची बादली.

"एवढं बोंबलू नका," ती त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बुधवारी माझी किल्ली काढून घेतली. म्हणून यंदा बाहेरून उत्तर द्यावं लागतंय."

क्लिफर्डचं तोंड उघडं ते उघडंच. "तू... तुम्ही? घोगऱ्या तुम्ही?"

"ग्वेन हेब्डन. आत चहाचं दुकान आहे माझं. तुमच्यावर ओतायचे ते किटलीचं पाणी. गार करून ओतायचे हं, भाजायला नको कोणाला."

"आम्ही छत्तीस वर्षं बाईमाणसाला शिव्या दिल्या?" लायनेलने आयुष्यात पहिल्यांदा वाक्य पुरं केलं.

"मी काय आरत्या ओवाळत होते? फिट्टमफाट." ग्वेन रस्ता ओलांडून आली. माझ्याकडे बघितलं, माझ्या आखूड बाजूवरून बोट फिरवलं. "जवळून पहिल्यांदाच बघतेय. वाकडी आहे की!"

"नापास आहे," केझिया म्हणाली.

"म्हणूनच टिकली." मग ग्वेन क्लिफर्डकडे वळली. "आलात ते बरं झालं. गुरुवारनंतर आला असतात तर उत्तर द्यायला कोणी नसतं. हवं तर आज दोनदा ओरडते. पुढच्या वर्षाचंही आजच घेऊन जा."

हे ती हसत म्हणाली. पण क्लिफर्डला हसता येईना. तिने बादली पुढे केली. तो बादलीकडे बघत राहिला, जसा काही तिच्यात साप आहे.

"आमची मदत हवीय तुम्हाला?" डेस्मंड म्हणाला. "आम्ही बुडालो असतो तर तुम्ही दिले असते?"

"नसते दिले," ग्वेन म्हणाली. "म्हणजे काहींनी दिले असते. बाकीच्यांनी पेटी बनवली असती. सरळ."

"बघा! ऐकलंत?" डेस्मंड म्हणाला, पण त्याचा हात नकळत पोटरीकडे गेला.

"माझी शपथ आहे," क्लिफर्ड हळूच म्हणाला. "या गावात एक पेनीही..."

"आजोबा!" केझियाचा पारा चढला. "दर वर्षी मॅचचं तिकीट काढता, ते पैसे कुठे जातात? यांच्याचकडे जातात! चाळीस वर्षं तुम्ही यांना पोसताय. शपथ कधीच मोडलीये तुमची. आता फक्त मान्य करायचंय."

क्लिफर्डने लायनेलकडे बघितलं. लायनेलने जमिनीकडे बघितलं. सगळ्यांना माहीत होतं तर! बरं, पोटात ठेवलं होतं सगळ्यांनी. यांची मैत्री ही अशी.

मग म्हाताऱ्याने कोटाच्या खिशात हात घातला. उजव्या, डाव्या, आतल्या. खिसे बाहेर काढून दाखवले. रिकामे. डेस्मंडने आपले चाचपले. रिकामे. लायनेल, पबमालक, तेच. हार्कडेलला येताना पैसे घरी ठेवून यायचे, ही क्लिफर्डचीच शिस्त. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा द्यायची बुद्धी झाली आणि पाच जणांत मिळून निघालं काय? अर्धं सँडविच. केझियाचा फोनही थंडीने मान टाकून बसलेला.

ग्वेन एवढी हसली की तिला बसस्टॉपच्या खांबाला धरावं लागलं.

"हसू नका," क्लिफर्ड म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "उद्या आणून देतो. शब्द दिला. तोवर... तोवर ही पेटी ठेवा तारण."

मला? हार्कडेलमध्ये? कोणी विचारलंसुद्धा नाही. माझं झाकण काढून फाटकाला टेकवलं, मला बसस्टॉपवर आडवं ठेवलं आणि ग्वेनने तिची बादली माझ्यात रिकामी केली. पैशांचा तो आवाज! माझ्या तळाला छत्तीस वर्षांत असं काही लागलं नव्हतं. नाणी थंडगार होती आणि मला गुदगुल्या झाल्या.

रविवारी क्लिफर्ड आला. बसने, स्वतःच्या पैशाने. मागोमाग सगळं 'आंधळं खेचर'. माझ्यावर नवी पाटी लागली. केझियाने लिहिली होती: "यांना जगवा. आम्हाला पुन्हा हरवायचंय." तशी मी बुधवारपर्यंत दोन्ही गावांत फिरले. लोक शिव्या देत पैसे टाकायचे. "घ्या मेल्यांनो!" म्हणत एकाने वीस पौंड टाकले. डेस्मंडने दुकानात मला दोन दिवस सॉसेजशेजारी मांडलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला पोटरी दाखवून विचारलं, "हे खोटं ठरावं असं वाटतं का तुम्हाला?" माझ्यात नोटा पडल्या, नाणी पडली, एक कोटाचं बटण पडलं आणि कोणाची तरी कवळी. कवळी न्यायला अजून कोणी आलेलं नाही.

क्लिफर्डने ग्वेनकडून चहाही विकत घेतला. हार्कडेलमध्ये उघडपणे खर्च केलेली त्याची पहिली कमाई. एक घोट घेऊन म्हणाला, "पाणी आहे नुसतं."

"तेच ते," ग्वेन म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्या अंगावर जायचं, आता पोटात चाललंय."

गुरुवारी बाराला दहा कमी असताना ग्वेनचा फोन वाजला. तिने ऐकलं, फोन ठेवला, आणि पलीकडच्या डोंगरावरही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आहोत अजून!"

हार्कडेल वाचलं. मे महिन्यात घसरलं, ते घसरलंच. पगारच नव्हते तर खेळणार काय. क्लिफर्डने मला लगेच नेलं. तीन थापा, उत्तर, पाणी. भिजून घरी आला आणि मला पुसता पुसता शिट्टी वाजवत होता.

आणि यंदा? यंदा ब्रॅकशॉ टाऊनही घसरली. गेल्या वर्षी सहा गुणांनी तारलं, यंदा काही तारणारं नव्हतं. त्याच संध्याकाळी हार्कडेलची माणसं पबमध्ये आली, रीतसर मला मागून नेलं, आणि एका रात्रीत लाल रंग फासला. हा आपल्या टाऊनचा रंग. नाव बदललं, शांती तीच ठेवली.

पुढच्या शनिवारी मी उलट्या दिशेने डोंगर चढले. ब्रॅकशॉच्या फाटकासमोर मला टेकवलं. ग्वेनने तीन थापा मारल्या. बाईचा हात चांगलाच जड आहे.

"आहे का कोणी जिवंत?"

आतून आधी किटली आपटल्याचा आवाज, केझियाचं "आजोबा, आता, आता!" आणि एक चिरकलेला, ऐंशी पार केलेला आवाज, "आहोत अजून! चालते व्हा!" पाणी वर गेलं, फाटकापर्यंत पोचलं नाही, आणि आतूनच डेस्मंडची बोंब आली, "अरे, माझ्यावर ओतलंस की!"

हल्ली मी सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असते. कंबर वाकडीच आहे, अंगावर रंगाचे इतके थर चढलेत की खाली लाकूड आहे हे मीच विसरते. आत कवळी खुळखुळते. बरोबरीच्या सगळ्या पास झालेल्या पेट्या कधीच मातीखाली गेल्या. मी रिकामी आहे आणि मला रिकामीच राहायचंय.

तुमच्याकडेही डोंगरापलीकडे कोणीतरी असेलच. जा खुशाल, थापा मारा, शिव्या घाला. फक्त उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.